हद्दीपलीकडचा बर्फ

पाउलीने काल्मबाख या बाईचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता, आणि त्यातली दुसरी कोणती हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पहिली म्हणजे तिचं फावडं. बाकी खाटकाने बांधून दिलेलं सॉसेज ती घरी येऊन स्वतःच्या तराजूवर पुन्हा तोलायची. रेडिओवर हवामान ऐकलं तरी खिडकीतून हात बाहेर काढून बघायची. रविवारी चर्चमध्ये पास्टर क्षमेबद्दल बोलायला लागले की हा माणूस आज कुणाची बाजू घेतोय, याचा अंदाज बांधत बसायची. आमच्या आइशबाखमध्ये, दक्षिण जर्मनीतल्या आल्बच्या पठारावर, माणसं मुळातच कमी बोलतात. पाउलीने त्यातूनही जे बोलायची, त्यात निम्मे प्रश्नच असायचे.

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. तीस वर्षं तिने पगार घेतला तो संशयाचाच. गावातल्या बनियनच्या गिरणीत ती तपासनीस होती. दिवा लावलेल्या काचेवर बनियन ताणून धरायचं आणि सुटलेला टाका शोधायचा, हे तिचं काम. शिलाईच्या बायका तिला टरकून असायच्या. काल्मबाखीणबाई देवाच्या अंगरख्यातही सुटलेला टाका दाखवेल, असं त्या म्हणायच्या, अर्थात तिच्या पाठीमागे. तिचा नवरा एबरहार्ड फार मवाळ माणूस होता. तो एकदा म्हणाला, "पाउलीने, एखादं बनियन चांगलंही असतं गं."

"असेल," ती म्हणाली. "माझ्या टेबलावर अजून आलेलं नाही."

एबरहार्ड गेला, गिरणी बंद पडली, मुलगी डोरिस लग्न करून उल्मला गेली. पाउलीनेकडे उरलं ते कीर्शगासे या गल्लीतलं घर, आणि घर म्हटलं की आलाच घरापुढचा बर्फ.

आमच्याकडे बर्फ आभाळातून पडतो तोवर देवाचा असतो, जमिनीला टेकला की घरमालकाचा होतो. फुटपाथ नगरपालिकेचा, त्याच्या फरश्या नगरपालिकेच्या, पण त्यावर पडलेला बर्फ तुमचा. सकाळी सातच्या आत तो काढायचा, दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता जातील एवढी वाट करायची आणि वर बारीक खडी टाकायची. मीठ टाकायचं नाही, झाडं मरतात. रविवारी तेवढी झोपेची थोडी सवलत. दिवसभर पडत राहिला तर दिवसभर काढत राहायचं. आणि तुमच्या दारापुढे कुणी घसरून हाड मोडून घेतलं, तर न्यायाधीश हाडाची चौकशी नंतर करतो, खडीची आधी.

यातून गल्लीत एक रीत पडली आहे. प्रत्येकाने आपल्या हद्दीपर्यंतच काढायचं, बोटभरही पुढे जायचं नाही. एकदा पुढे गेलात की ती वहिवाट झाली. मग जन्मभर तेवढं काढत बसा आणि तिथे कुणी आपटलं तर तेही निस्तरा. असं कुठल्या कायद्यात आहे, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. पण कायद्यापेक्षा ते पक्कं आहे. म्हणून कडाक्याच्या हिवाळ्यात कीर्शगासेमध्ये दर दोन घरांच्या मध्ये सुरीने कापल्यासारखी बर्फाची कड उभी दिसते.

पाउलीने आणि तिचा शेजारी गॉटहिल्फ रेम यांच्यात ही कड सगळ्यात सरळ असायची. दोघांच्या घरांच्या मधोमध छपराचं पाणी उतरवणारा पत्र्याचा पाइप होता, ती हद्द. रेम शाळेत तिच्याच वर्गातला. सुतारकाम करायचा, बायको गेली, मूलबाळ नाही. स्टुटगार्टचा एक पुतण्या तेवढा दर नाताळात यायचा आणि काकापेक्षा घराच्या भिंती जास्त प्रेमाने न्याहाळून जायचा. डोरिसच्या लग्नाच्या हिवाळ्यात रेमच्या छपरावरचा सगळा बर्फ एका दणक्यात घसरून एबरहार्डच्या भाजीच्या काचघरावर पडला. छपराला बर्फ अडवणारी जाळी लावायला हवी होती, असं पाउलीने म्हणाली. वरून आलं ते देवाने पाठवलं, असं रेम म्हणाला. झालं! तेव्हापासून दोघांमध्ये शब्द नव्हता. एबरहार्डच्या दफनाला रेम आला होता, पण मागच्या रांगेत उभा राहून निघून गेला. एबरहार्ड खरंच गेला का हे बघायला तो आला होता, असं पाउलीनेचं मत होतं.

या हिवाळ्यात मात्र प्रकरण गंभीर होतं. शरद ऋतूत पाउलीने तळघराच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. डोरिस उल्महून धावत आली, चार दिवस राहिली आणि जाताना स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "आई, असं किती दिवस चालणार? आमच्या जवळच एक लिफ्ट असलेली खोली मिळतेय."

"मी इथून हलणार नाही."

"ठीक आहे. हा हिवाळा बघू. सातच्या आत तुझ्या हाताने फुटपाथ साफ होतोय तोवर मी तोंड उघडणार नाही. एकदा जरी चुकलं, तरी वसंतात सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," पाउलीने म्हणाली. तिचा शब्द म्हणजे शब्द, हे डोरिसला ठाऊक होतं. आणि डोरिस शब्दावर विसंबून राहणारी नाही, हे पाउलीनेला ठाऊक होतं. समोरच्या घरातली इर्मा ट्राउब आजकाल सकाळी सकाळी पडदा सारून उभी असते, ती डोरिसला फोन करत असणार, असा तिला दाट संशय होता. या एका बाबतीत तिचा संशय खरा होता.

पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा पाउलीने फावडं घेऊन बाहेर आली आणि पाइपापाशी थबकली. रेमने त्याची बाजू साफ केली होती. पण त्याच्या फावड्याची कड पाइपापाशी थांबली नव्हती. चांगली वीतभर तिच्या बाजूला आली होती.

ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. रेम सुतार माणूस. ज्याने आयुष्यभर लाकूड सुताने मापलं, तो वीतभर चुकतो? अशक्य. तिच्या मनात पाल चुकचुकली.

पुढच्या वेळी ती कड हातभर आत आली, आणि त्याच्या पुढच्या वेळी पार तिच्या दाराच्या पायरीपर्यंत. इर्मा खाली येऊन खडी टाकता टाकता म्हणाली, "अगं, मदत करतोय बिचारा. तुझं मनगट मोडलं ते त्याला कळलं असेल."

"रेम? मदत?"

"माणूस बदलतो पाउलीने, वय झालं की."

"माणूस बदलत नाही, डाव बदलतो," पाउलीने म्हणाली. "आज हातभर, उद्या पायरी. मग म्हणेल, इतकी वर्षं हे मीच राखतोय, जागा माझी. नाहीतर जाऊन डोरिसला सांगेल, तुमच्या आईला झेपत नाही, निम्मं मीच काढतो. बर्फाचं काही नाही गं, पण काळ सोकावतो."

यातली दुसरी शंका जास्त घातक होती. रेमने काढलेल्या हातभर जागेमुळे तिचं घर जाऊ शकत होतं. डोरिसची अटच होती, तुझ्या हाताने. म्हणून ती रेमने साफ केलेल्या जागेवरही पुन्हा फावडं फिरवायची, दुखऱ्या मनगटाने, फरशी खरवडेपर्यंत. इर्माला दिसेल असं.

मग तिने पाळत ठेवली. स्वयंपाकघरातला दिवा न लावता ती पडद्याआड कॉफीचा पेला घेऊन बसायची. तीस वर्षांचा सराव होता. तिच्या नजरेतून काय सुटणार? रेम बाहेर यायचा, मान खाली घालून. दर दोन ढिगांनंतर फावड्याच्या टोकाने फुटपाथच्या दगडी काठावर टक टक वाजवायचा आणि पुढे सरकायचा. मोजतोय, पाउलीने मनात म्हणाली. जमीन मोजतोय लबाड! तिच्या पायरीला फावडं लागलं की तो थांबायचा, पायरीवरही एकदा टक् करायचा आणि परत फिरायचा. एकदाही मान वर करून तिच्या खिडकीकडे बघायचा नाही. एवढा निर्ढावलेपणा तिने गिरणीतही पाहिला नव्हता.

आणखीही गोष्टी तिच्या लक्षात येत गेल्या. कागदाच्या कचऱ्याच्या दिवशी रेमने प्लास्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी बाहेर ठेवली. कीर्शगासेमध्ये हे चोरीच्या खालोखाल समजलं जातं. इर्माने रस्त्यापलीकडून हात हलवला तर त्याने उत्तर दिलं नाही. बेकरीत तो हातातली सगळी नाणी तशीच पुढे करायचा आणि म्हणायचा, घ्या तुम्हीच. "श्रीमंतीचा माज," पाउलीने म्हणाली. "म्हातारा काहीतरी शिजवतोय." हे ती इर्माला म्हणाली, बेकरीत म्हणाली, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाली. एकच गोष्ट पुरेशा वेळा बोलली की गल्लीला ती स्वतःलाच सुचल्यासारखी वाटते. जानेवारी उजाडेतो रेम काहीतरी शिजवतोय, हे कीर्शगासेमधल्या प्रत्येकाला माहीत झालं होतं. काय शिजवतोय, ते कुणाला माहीत नव्हतं.

शेवटी पाउलीनेने उपाय केला. बर्फात रस्त्याची कड कळावी म्हणून घाटात लाल रंगाच्या काठ्या रोवतात, तशी एक एबरहार्डने कधीतरी आणून ठेवली होती. फुटपाथमध्ये काठी रोवता येत नाही, म्हणून तिने बागेतल्या छत्रीचा सिमेंटचा जड पाया ढकलत ढकलत बाहेर आणला, पाइपाच्या रेषेत फुटपाथवर ठेवला आणि त्यात काठी उभी केली. कंबरेएवढी, लालभडक.

इर्मा बघत होती. "फुटपाथवर असं काही ठेवायला परवानगी नाही हं."

"रेमला हद्द दिसू दे, मग काढते."

"कुणी अडखळलं तर?"

"एवढी लाल काठी! आंधळाच अडखळेल," पाउलीने म्हणाली.

दोन दिवसांनी बर्फ पडला. त्या सकाळी पाउलीनेने लवकर उठून आपली बाजू पाइपापर्यंत लख्ख साफ केली, खडी टाकली आणि खिडकीत येऊन बसली. बाहेर चांगलं उजाडलं होतं, कारण रेमला उशीर झाला होता. तिला घाई नव्हती. तो काठीपाशी येईल, थांबेल, वर बघेल आणि त्याला कळेल की तिला सगळं कळलंय, त्या क्षणाची ती वाट बघत होती. खरं सांगायचं तर सबंध हिवाळ्यात तिला एवढा आनंद झाला नव्हता.

रेम आला. टक टक करत, मान खाली घालून. काठीपासून दहा पावलांवर आला, पाच पावलांवर आला. थांबला नाही. त्याचा बूट सिमेंटच्या पायाला लागला, काठी त्याच्या छातीत घुसल्यासारखी झाली आणि तो काठीसकट, फावड्यासकट पाउलीनेच्या बाजूला कोसळला.

ती बाहेर धावली. जाता जाता तिच्या तोंडात वाक्य तयार होतं: आता कळली ना हद्द कुठे आहे ते! दार उघडून ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि ते वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

रेम एका कुशीवर पडला होता. एक हात अंगाखाली विचित्र वळला होता. दुसऱ्या हाताने तो जमीन चाचपत होता. त्याची टोपी त्याच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर पडली होती. काळी टोपी, पांढऱ्या बर्फावर. त्याचा हात टोपीच्या उजवीकडून गेला, डावीकडून गेला, परत फिरला. डोळे उघडे होते. ते टोपीकडेच होते.

"कोण आहे?" रेमने विचारलं.

ती त्याच्यासमोर उभी होती. तिचा निळा एप्रन अख्ख्या गल्लीला ठाऊक होता.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि इर्माचा आवाज आला, "अरे देवा! गॉटहिल्फ!" तो आवाज ऐकताच रेमने चाचपणारा हात झटकन मागे घेतला, चेहरा सरळ केला आणि म्हणाला, "काही नाही, काही नाही. डोळ्यांवर ऊन आलं."

आभाळात ऊन नव्हतं. पाउलीनेने खाली वाकून टोपी उचलली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती घट्ट धरली. ती कुणी दिली, हे विचारलं नाही.

रेमचा हात खांद्याजवळ मोडला होता. त्याला इस्पितळात नेलं, आणि दुपारपर्यंत गल्लीने निकाल देऊन टाकला. एवढी लाल काठी, एवढा उजेड, खाली खडी टाकलेली. मुद्दाम पडला. दुसरं काय? पाउलीनेकडून भरपाई उकळायला पडला. तरी पाउलीने सांगत होतीच की तो काहीतरी शिजवतोय! बेकरीत पाउलीने शिरली तेव्हा लोक तिच्याकडे बघून मान डोलवायला लागले. तुझंच खरं निघालं, असं तिला चार जणांनी सांगितलं. सुटलेला टाका सापडल्यावर गिरणीत तिला जसं वाटायचं, तसं वाटायला हवं होतं. तिने पाव घेतलाच नाही, तशीच घरी आली.

पिवळी पिशवी. नाणी. इर्माने हलवलेला हात. टक टक. एकेक गोष्ट तिने स्वतःच पाहिली होती, स्वतःच गल्लीत वाटली होती. सगळे टाके तिला दिसले होते, आणि बनियन कुठे फाटलंय ते दिसलं नव्हतं. म्हातारपणी रडायला येतं त्याचा तिला राग होता, पण त्या दुपारी ती स्वयंपाकघरात बसून रडली.

आठवड्याने पाउलीनेच्या घराच्या विमा कंपनीचे विडमायर नावाचे गृहस्थ आले. डोरिस उल्महून मुद्दाम आली होती. तिने टेबलावर कॉफी आणि वेणीचा गोड पाव मांडला. विडमायर दोन तुकडे खाऊन खुशीत आले.

"बाई, घाबरू नका," ते म्हणाले. "काठी ठेवायला नको होती, ते खरं. पण तुमची बाजू भक्कम आहे. फुटपाथ साफ, खडी टाकलेली, उजेड, काठी लाल. डोळे असलेल्या माणसाला ती दिसायलाच हवी. आता दोनच शक्यता. एक तर म्हातारा मुद्दाम पडला."

"मुद्दामच," डोरिस म्हणाली.

"नाहीतर त्याला दिसत नाही. आम्ही डोळ्यांची तपासणी मागू. दिसत नसेल तर दोष त्याचा, असा माणूस एकटा बर्फ काढायला येतोच कसा? दोन्हीकडून तुम्ही सुटलात. फक्त त्या सकाळी काठी स्पष्ट दिसत होती, एवढं मला तुमच्या तोंडून हवंय."

पाउलीने कॉफीत चमचा फिरवत राहिली. तपासणी होणार. मग स्टुटगार्टचा पुतण्या येणार, काकांच्या काळजीने. एका आठवड्यात रेम कुठल्यातरी वृद्धाश्रमाच्या खोलीत बसलेला असेल, जिथे त्याला एकही भिंत ओळखीची नसेल. आणि काठी दिसत होती, असं तिने म्हटलं नाही तर? तर फुटपाथ साफ नव्हता असंच म्हणावं लागणार, आणि डोरिस इथेच बसली आहे. शब्द म्हणजे शब्द.

तिने चमचा बशीत ठेवला. "काठी दिसत नव्हती."

"म्हणजे?"

"बर्फाची गाडी आली होती. तिने रस्त्यावरचं सगळं फुटपाथवर लोटलं. काठी आडवी होऊन त्याखाली गेली. कुणालाच दिसली नसती."

"आणि तुम्ही ते साफ केलं नव्हतं?"

"नाही. झोप लागली मला. खडी टाकली ती त्याला इस्पितळात नेल्यावर."

डोरिसचा हात कॉफीच्या किटलीवर तसाच राहिला. "आई! इर्मा म्हणाली की तू सातला उठलेली होतीस. तिने खिडकीत पाहिलं तुला."

"खिडकीतच डोळा लागला," पाउलीने म्हणाली. "हातात फावडं पाहिलं का तिने? विचार."

इर्माने खिडकीत पाहिलं होतं तेव्हा तिच्या हातात फक्त कॉफीचा पेला होता. विडमायरनी पावाचा तिसरा तुकडा परत ताटात ठेवला, आमच्या बाजूने मग पैसे द्यावे लागतील असं काहीसं पुटपुटले आणि टोपी घालून निघाले. दार लागल्यावर डोरिस आईसमोर बसली. ती रागावली नव्हती, आणि तेच पाउलीनेला जड गेलं.

"सातच्या आत," डोरिस हळूच म्हणाली. "तूच कबूल झाली होतीस."

"झाले होते."

"मग मार्चमध्ये?"

पाउलीनेने होकारार्थी मान हलवली.

रेम हात गळ्यात बांधून घरी आला तेव्हा गल्लीतलं वारं फिरलं होतं. आता सगळे म्हणत होते, बिचारा. आणि पाउलीनेने आपली चूक कबूल केली, मोठं मन हं तिचं. रेमने हे इर्माकडून ऐकलं आणि त्याच दिवशी दुपारी त्याने पाउलीनेचं दार ठोठावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिने दार उघडलं. तो कोट, टोपी घालून, ताठ उभा होता आणि तिच्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघत होता.

"काय हवंय तुला?" त्याने विचारलं.

"मला? दार तू ठोठावलंस."

"फिरवाफिरवी करू नकोस, पाउलीने. त्या सकाळी काठीवर बर्फ नव्हता. माझ्या छातीला लागली ना ती! तू खोटं बोललीस. तू माझ्यासाठी खोटं बोलणार? कुठेतरी पाणी मुरतंय. बोल, काय हवंय? माझ्या छपराला जाळी? माफी? घर?"

"आधी आत ये. थंडी आत शिरतेय." आणि मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "उंबरा उंच आहे. डावा पाय आधी."

रेम हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा ताठा एकदम गळून पडला, आणि त्याखाली वर्गातला तो कानफाट्या पोरगा दिसला, मास्तरांनी खिसे तपासताना असायचा तसा.

"कधीपासून माहीत आहे?"

"टोपी शोधत होतास तेव्हापासून."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

त्याने डावा पाय उचलला, उंबरा ओलांडला आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. "मधोमध धुकं आहे," तो म्हणाला. "कडेकडेने उजेड कळतो, एवढंच. डॉक्टर म्हणाले आता परत यायचं नाही. पुतण्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी मला गाडीत घालेल. म्हणून फुटपाथ कधी चुकवला नाही. फुटपाथ साफ असला की कुणी दार वाजवत नाही. पाइप मला सापडायचा नाही. तुझी पायरी लागली की कळायचं, फार पुढे आलो, आता परत फिरायचं."

"आणि मला वाटलं मोजतोयस."

"काय मोजणार?"

"जमीन, गाढवा!" पाउलीने ओरडली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसत नव्हतं, म्हणून तिने पुसलेही नाहीत. "तीस वर्षं मी लोकांच्या चुका शोधायचा पगार घेतला. तू रोज माझ्या खिडकीसमोर चाचपडत होतास, आणि मी सगळ्या गावाला सांगत सुटले की तू लबाड आहेस. मला दिसायला हवं होतं."

रेम म्हणाला, "इर्मा म्हणते, तुझं घर जाणार."

"मार्चमध्ये."

"माझ्यामुळे."

"माझ्या काठीमुळे. बस तिथे, कॉफी टाकते. खुर्ची उजव्या हाताला आहे."

तो चाचपत खुर्चीवर बसला. बसल्यावरही त्याच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. कॉफीचा पेला हातात आल्यावर त्याने आधी वास घेतला. "तरी पण," तो म्हणाला, "काहीतरी हवं असणारच तुला."

संध्याकाळी डोरिसचा फोन आला. उल्मची खोली मार्चच्या पहिल्या तारखेला मोकळी होत होती. लिफ्ट होती, खाली झाडूवाला होता, बर्फ काढायला माणूस होता. आईला आयुष्यात पुन्हा फावडं हातात धरावं लागणार नव्हतं.

"मार्चमध्ये मी येणार नाही," पाउलीने म्हणाली.

"आई! तू शब्द दिलास."

"वसंतात येईन म्हणाले होते. आमच्याकडे एप्रिल संपेपर्यंत बर्फ पडतो, तुलाही माहीत आहे. तेवढे दिवस मी इथेच राहणार. रेमचा हात गळ्यात आहे, त्याच्या दारापुढचंही मलाच बघायला हवं."

"त्याच्या दारापुढचं? हद्दीपलीकडचं?" डोरिसला हसू आवरेना. "तुला बरं नाही का?"

"मला चांगलं बरं आहे. त्या माणसावर नजर ठेवायला हवी," पाउलीने म्हणाली. खिडकीतून तिला शेजारच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. रेमला त्याचा फारसा उपयोग नव्हता, तरी त्याने तो लावला होता, गल्लीला दिसावा म्हणून. "त्याचा काही भरवसा नाही."

"अजून तुझा संशय गेला नाही का?"

"नाही," पाउलीने म्हणाली आणि फोन ठेवून खडीची बादली भरायला खाली गेली.